दिवे घाटातलं मिसिंग

हडपसरपासून वडकीपर्यंत गाडीला काही म्हणता काही होत नसे. फुरसुंगीचा फाटा, मधली गर्दी, मधूनच आडवे येणारे टेम्पो, सगळं ती निमूट पार करायची. वडकी सुटलं, घाट लागला आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की थोड्याच वेळात पहिला झटका यायचा. मग आणखी एक. मग तीन-चार लागोपाठ, उचकी लागल्यासारखे. गॅरेजवाले याला मिसिंग म्हणतात, इंजिनाचा ठोका मधूनच चुकणं. पाय सैल सोडला की बंद. पुन्हा दाबला की पुन्हा सुरू. खाली मस्तानी तलाव, मागे ट्रकचा हॉर्न, शेजारी मुलगी आणि तिचा ठरलेला प्रश्न : "बाबा, पोचू ना आपण वर?"

पोचायचो. दुसऱ्या गिअरमध्ये, कान पाडून, पण पोचायचो. घाट संपल्यावर रस्त्याकडेला एक मावशी सीताफळांच्या पाट्या मांडून बसतात. त्यांच्या पालाच्या सावलीत गाडी लावायची, बॉनेट उघडायचं, आत बघत राहायचं. काहीच दिसायचं नाही. मग इतका वेळ फुकट सावली वापरली या संकोचापोटी दोन किलो सीताफळं घ्यायची आणि खाली उतरायचं. त्या पावसाळ्याच्या शेवटी अशा सहा फेऱ्या झाल्या. बायको म्हणाली, "एक तर गाडी नीट करा, नाहीतर फळ तरी बदला."

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची, वडिलांची. दादांनी नंबर लावला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. गाडी दारात आली तेव्हा हायस्कूलला. दादा गेल्यावर ती बारा वर्षं ताडपत्रीखाली होती. पत्रा गंजला, उंदरांनी सीटच्या काथ्यात बिऱ्हाड केलं. मग मी तीन वर्षं आणि माझ्या ऐपतीपेक्षा जरा जास्तच पैसे घालून ती उभी केली. फ्लोअर नवा, वायरिंग नवं, ब्रेकचे पाइप नवे, बंपरला पुन्हा पाणी दिलं, इंजिन बोअर करून पिस्टन बदलले. रंग मात्र दादांचाच, दुधात किंचित हळद पडल्यासारखा. पाठीमागून बघितली की अजून वाटतं, आत्ता दार उघडून दादा उतरतील आणि टायरला एक लाथ मारून हवा तपासतील.

हिचं इंजिन तर माझ्या दादांपेक्षाही जुन्या घराण्यातलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आणि १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. पण आतलं चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची धाव), हे माप फियाटने इटलीत १९३७ च्या बलिला ११०० मध्ये घातलं होतं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीची आकडेमोड आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. इतक्या वर्षांत या इंजिनाला होऊ शकणारे सगळे आजार कुणाला ना कुणाला होऊन गेलेले असणार. माझ्या गाडीला काय झालंय हे सांगणारा माणूस तेवढा हवा होता.

तो माणूस मला मिळाला होता. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या गॅरेजात उमेदीची सगळी वर्षं काढून मामा पुण्याला मुलाकडे आले. आता मुलाच्या गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फक्त कार्बोरेटरवाल्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला जुना यांत्रिक भाग असलेल्या गाड्या बघतात, त्याही मनाला आल्या तर. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मर्यादा संपून मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली, तेव्हा टीव्हीवर तिचे फोटो काढणाऱ्यांची झुंबड दाखवत होते. मामा म्हणाले, "चालत होती तेव्हा एकानं सलाम केला नाही." तेवढं बोलून चहा प्यायले.

मिसिंग म्हटल्यावर मामांचं पहिलं उत्तर एका शब्दाचं होतं : "कचरा." गॅरेजमध्ये ताप आला की आधी क्रोसिन देतात तसा हा कचरा. टाकीत गंज, तो गाळणीत, गाळणीतून जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात. घाटात इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, आणि वाट तुंबलेली असली तर ते मिळत नाही. हे पटण्यासारखं होतं. एसी पंप उघडला. या पंपाचा थंड हवेच्या एसीशी संबंध नाही, इंजिनच्या बाजूला बसून पडद्याच्या उघडझापीने टाकीतलं पेट्रोल वर ओढणारा तो यांत्रिक पंप. जुने मेकॅनिक त्याला एसी पंपच म्हणतात. पडदा ठीक. गाळणी स्वच्छ. जेट काढून उजेडासमोर धरला, आरपार दिसलं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर आत पोकळी होऊन पेट्रोल येत नाही, म्हणून एक फेरी झाकण सैल ठेवून केली. गाडीभर पेट्रोलचा वास, मुलीचं डोकं दुखलं, आणि झटके जिथल्या तिथे.

शेडमध्ये उभी असताना मात्र गाडी एखाद्या गुणी मुलासारखी वागायची. मामा कार्बोरेटरची दांडी बोटाने ओढून इंजिन गरगरवायचे, आवाज एकसारखा, रेशमी. "बघा, कुठाय मिसिंग?" मला डॉक्टरसमोर दाढदुखी थांबलेल्या पेशंटसारखं वाटायचं. मी हिशेबतपासनीस आहे. कागद सगळे बरोबर आणि तिजोरीत पैसे कमी, असली प्रकरणं मी बघितली आहेत; तिथे निदान तिजोरी तरी समोर असते. इथे चोरी फक्त दिवे घाटात व्हायची.

शेवटी मी मामांना म्हटलं, तुम्हीच चला. ते पुढच्या सलग सीटवर खिडकीला टेकून बसले, क्वार्टर ग्लास वळवून वारा अंगावर घेतला आणि वडकीपर्यंत चक्क झोपले. पहिल्या झटक्याला डोळे उघडले. दुसऱ्याला मान हलवली. "चोक ओढा." मी चढावरच चोक थोडा ओढला. यामागचा हिशोब सोपा आहे. पेट्रोल कमी पडत असेल तर चोक ओढल्यावर हवा कमी होते, मिश्रण घट्ट होतं आणि झटके क्षणभर तरी कमी होतात. आमचे कमी झाले नाहीत. इंजिन जरा जडावलं, सायलेन्सरमधून एक फटाका फुटला, बस्स.

"पेट्रोल नाही," मामा म्हणाले. "पेट्रोलचं मिसिंग दम लागल्यासारखं येतं. हळूहळू. माणूस चढताना थकतो तसं. हे थप्पड मारल्यासारखं येतंय. हा करंट आहे."

हा फरक मी कुठे वाचला असता तर कळला नसता. चार महिने तेच झटके खात होतो, पण त्यांना चव असते हे मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट करायला लावली. झटके जोरात चालू असतानाच मी इग्निशन बंद केलं, क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे गरम प्लग फडक्याने धरून चारही काढले. प्लगचं तोंड म्हणजे त्या क्षणाचा फोटो असतो. गाडी नंतर मोकळी फिरत ठेवली तर फोटो पुसला जातो, म्हणून जिथल्या तिथे बंद करायची. काळा ओला प्लग म्हणजे तिथे ठिणगी पडत नाही किंवा तेल येतंय, पांढरा म्हणजे मिश्रण पातळ. आमचे चारही बदामी. चारही सारखे. मला वाटलं, म्हणजे यातून काहीच निष्पन्न झालं नाही. मामांना वाटलं, सगळंच झालं.

"एका पोराला मारलं तर ते पोर रडतं," ते म्हणाले. "चौघंही अधूनमधून रडतायत, म्हणजे मार घरातूनच येतोय."

एक वायर, एक प्लग किंवा एक व्हॉल्व्ह खराब असता तर एकच सिलिंडर चुकलं असतं आणि त्याचा प्लग वेगळा दिसला असता. इथे एक-तीन-चार-दोन या क्रमात कुणाचीही पाळी चुकत होती. तेव्हा दोष चौघांच्या वाटा फुटण्याआधी. बॅटरीच्या विजेचा व्होल्टेज वाढवणारी कॉइल, कॉइलची मधली वायर, तिची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर किंवा फिरत फिरत चारही प्लगना वीज वाटणारा रोटर. अख्ख्या गाडीतून आम्ही टिफिनच्या डब्याएवढ्या जागेत आलो.

त्या डब्याला मामा डेल्को म्हणतात. मी डिस्ट्रिब्युटर म्हणायचो, पण त्यांच्यासमोर मीही डेल्को म्हणू लागलो. हा शब्द मला बरीच वर्षं आपल्याच गॅरेजांची मोडतोड वाटत होता. प्रत्यक्षात तो एका कंपनीचा पत्ता आहे : डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, आद्याक्षरं जोडून डेल्को. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये ती काढली आणि कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारी इग्निशन बनवली. बॅटरी, कॉइल, उघडमीट करणारे पॉइंट ही केटरिंगची मांडणी. त्या कंपनीचं नाव ग्रँट रोडच्या गल्ल्यांतून फिरत एका पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसलं आहे, आणि ते कुणाचं नाव आहे याच्याशी तिथे कुणालाच देणंघेणं नाही.

आता प्रश्न एवढाच, की हा डबा सपाटीवर नीट काम करतो आणि घाटात का करत नाही? उत्तर मला नंतर, रात्री आकडे मांडताना लागलं. सपाटीवर पाय हलका असतो, कार्बोरेटरची झडप थोडीच उघडी असते, सिलिंडरमध्ये मिश्रण जेमतेम येतं. दाबल्यावरही त्याचा दाब बेताचा. घाटात पाय खाली गेला की झडप उघडते, सिलिंडर गच्च भरतं, आणि तेवढ्याच जागेत दाबल्यावर वायू दाट होतो. ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारायची असते ती या दाटीतून. दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये या दारातून त्या दारात जाणं आणि सकाळी आठच्या विरार लोकलमध्ये जाणं, अंतर तेच असतं. फ्रिड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं, की ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज फटीची लांबी आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतो. दाब वाढवा किंवा फट वाढवा, विजेच्या दृष्टीने सारखंच. आषाढात माउलींचा रथ याच घाटात येतो तेव्हा जादा बैलजोड्या जुंपतात. रथ तोच असतो, वाट चढाची असते. माझ्या कॉइललाही घाटात जादा व्होल्टेज जुंपावा लागत होता. तो जुंपल्यावर वीज प्लगकडे न जाता वाटेत कुठेतरी दुसरीकडेच पळत होती.

हे मी मोठ्या उत्साहाने दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पाशेनचं नाव आल्यावर "असेल," म्हणाले. मग म्हणाले, "घाट इथंच आणतो."

एक जुना प्लग घेतला, पकडीने त्याचं खालचं वाकडं टोक मोडून टाकलं. आता मधल्या टोकापासून कडेपर्यंत चांगली पाच-सहा मिलिमीटरची फट झाली. प्लग इंजिनच्या लोखंडाला तारेने बांधला. त्यावर आधी कॉइलची मधली वायर थेट लावली, सेल्फ मारायला मला बसवलं. टक् टक् टक्, जाड निळी ठिणगी, एकही चूक नाही. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर निर्दोष. मग ती वायर पुन्हा डेल्कोच्या टोपणात घातली आणि पहिल्या सिलिंडरची वायर काढून त्या मोडक्या प्लगवर लावली. आता वीज रोटरमधून फिरून येणार. सेल्फ मारला. टक्. काही नाही. टक्. काही नाही. काही नाही. टक्.

मी सीटवरून उडी मारून खाली आलो. चार महिन्यांत पहिल्यांदा ते मिसिंग उभ्या गाडीत, पंख्याच्या वाऱ्याखाली, समोर दिसत होतं. घरी जाऊन मी गुणाकार करून बघितला : दाबलेल्या सिलिंडरमध्ये आठ-नऊ पट दाब धरा, अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वरची फट धरा, तो गुणाकार उघड्या हवेत पाच मिलिमीटरच्या आसपास येतो. ढोबळच हिशोब, तापमान मी सोडून दिलं. पण टॅक्सीवाल्यांची रांग दारात असताना कुणीतरी कधीतरी ही फट नजरेने ठरवली होती, आणि ती पाशेनच्या जवळ जाऊन बसली होती.

पुढचं दोन मिनिटांत झालं. टोपण काढलं. रोटर उघडा. मामांनी लाकडी चिमट्यात कॉइलची वायर धरली आणि रोटरच्या पितळी पट्टीच्या जरा वर नेली. स्क्रूड्रायव्हरने पॉइंट उघडले. खरं तर इथे काही व्हायला नको, कारण पट्टी बेकेलाइटवर बसवलेली, विजेला पुढे जायला वाट नाही. पण चटकन ठिणगी पडली. वाट होती. रोटर उपटून उलटा केला. ज्या खोबणीत शाफ्ट बसतो, तिच्या तळाशी एक काळा ठिपका, मोहरीच्या अर्ध्याएवढा. पट्टीतून शाफ्टमध्ये वीज तिथून उतरत होती. प्लगला जाणं सोपं असेल तोवर प्लगला, प्लगची वाट अवघड झाली की या भोकातून जमिनीला.

तो रोटर मी तीन वर्षांच्या त्या महायज्ञात नवा कोरा घातलेला. साहजिकच मी त्याच्या बनावटीवर घसरलो. हल्लीचे पार्ट, हल्लीचं प्लास्टिक, दादांच्या वेळी असं नव्हतं, वगैरे. मामा तोवर माझा एक प्लग हातात घेऊन बघत होते. त्यांनी फट मोजायच्या फीलर गेजच्या पात्या उघडल्या, एक घातली, सैल गेली. दुसरी घातली, तीही सैल.

"ही फट कुणी वाढवली?"

मीच वाढवली होती. बोअर केल्यावर गाडी अजून तरतरीत व्हावी म्हणून जास्त ताकदीची कॉइल आणली आणि मोठी ठिणगी चांगली, या समजुतीने फट ०.६ वरून ०.९ मिलिमीटरवर नेली. मामांना ते कधी सांगितलंच नाही, कारण मला तो दोष वाटतच नव्हता. ती माझी सुधारणा होती. आणि त्या कॉइलबद्दल माझा समजही उलटा. कॉइल आपल्या ताकदीप्रमाणे व्होल्टेज देते असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात व्होल्टेज वाढत जातो आणि कुठेतरी फट ओलांडली गेली की तिथेच थांबतो. फट दीडपट करून मी घाटातली मागणी दीडपटीजवळ नेली, आणि नव्या कॉइलमध्ये ती पुरवण्याइतका जोर होता. जुनी कॉइल असती तर ती आधीच हार मानून मोकळी झाली असती. हिने जोर लावला आणि साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा फोडला. रोटर कमअस्सल असेलही, पण त्याच्यावर हा प्रसंग आणला मी.

मामा काही बोलले नाहीत. पुढचा अर्धा तास मला त्यांनी चारही प्लगच्या फटी माझ्याच हाताने ठोकून ०.६ वर आणायला लावल्या, आणि प्रत्येक वेळी पात ओढून बघितली. तिसऱ्याला म्हणाले, "जरा घट्ट झाली." पुन्हा उघडली.

नवा रोटर मी नाना पेठेत शोधला. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने पद्मिनी म्हटल्यावर आतल्या म्हाताऱ्या मालकांना हाक मारली. ते शिडीवर चढले, एक धुळकट खोका काढला, आणि रोटर हातात देण्याआधी मला विचारलं, "गाडी कुणाची?" वडिलांची म्हटल्यावर दहा रुपये कमी केले. जुनी कॉइलही मी परत लावली. ती टाकली नव्हती, माळ्यावर दादांच्या हत्यारांच्या पेटीत होती. ताकदीची कॉइल आता त्या पेटीत आहे. ठेवून का दिली, माहीत नाही.

रविवारी मी आणि मुलगी निघालो. वडकी सुटलं. मी तिसऱ्यात टाकली आणि पाय दाबला. पहिलं वळण. मुलीने उगाच दाराची मूठ धरली. दुसरं. तिसरं. इंजिनचा आवाज जरासा खोल झाला आणि तसाच राहिला, खाली धरणीत कुणी जातं ओढत असावं तसा. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. त्याच्यामागून मी सावकाश बाहेर निघालो आणि चढावरच त्याला ओलांडलं. ४० बीएचपीच्या आसपासची गाडी ही. ते ओलांडणं किती वेळ चाललं हे सांगत नाही. ट्रॅक्टरवाला पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता.

माथ्यावर पोचलो तर विश्वास बसेना. गाडी वळवली, खाली उतरलो, पुन्हा चढलो. मग आणखी एकदा, या वेळी मुद्दाम पाय पूर्ण खाली. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे." तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा पालाखालच्या मावशी उठून रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. मी थांबलो.

"काय पडलंय का घाटात? सारखं वर-खाली चाललंय."

"काही नाही पडलं. गाडी बरी झाली का बघत होतो."

त्यांनी बंद बॉनेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"झाली व्हय बरी?"

"झाली."

"आन् मग सीताफळं?"